भरती ओळखा, मग बुडी मारा: थंड आणि ओढीच्या पाण्यात स्कूबा शिकणाऱ्यांसाठी

हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला उघडी पडते. मुंबईत वाढलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. पण पूर्ण ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंत सलग सहा तास बसून किती जणांनी पाहिलंय? थंड समुद्रात स्कूबा डायव्हिंग शिकायचंय म्हणून जे कुणी माझ्याकडे येतात, त्यांना मी पहिला अभ्यास हाच देते. वही, घड्याळ आणि पाण्याची बाटली घेऊन जायचं. दर अर्ध्या तासाने पाणी कुठल्या दगडाला लागलं ते लिहायचं.

हा लेख प्रामुख्याने दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वे, कॅनडा अशा ठिकाणी शिकायला किंवा नोकरीला निघालेली आपली मुलं-मुली, ज्यांना तिथल्या समुद्रात उतरायची हौस आहे. दोन, मालवणला किंवा अंदमानला दोन-चार बुड्या मारून आलेले आणि आता स्कॉटलंडची बुडालेली जहाजं बघायला निघालेले. ती जहाजं बघण्यासारखी आहेतच. ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लो इथे 21 जून 1919 रोजी जर्मन आरमाराने स्वतःचीच जहाजं बुडवली, त्यातली काही अजून तळाशी आहेत. पण ती बहुतेक 30 ते 45 मीटर खोलीवर आहेत, तेही थंड आणि अंधाऱ्या पाण्यात. तिथपर्यंत जायला टप्पे आहेत.

टप्प्यांबद्दल माझं एकच ठाम मत आहे: एका वेळी एकच नवी अडचण अंगावर घ्या. पाण्याखाली श्वास घेणं ही एक अडचण. उघडा समुद्र ही दुसरी. थंडी ही तिसरी. पाण्याची ओढ ही चौथी. यातली कुठलीही एक नीट शिकवली तर सामान्य प्रकृतीच्या माणसाला जमते. दोन एकदम आल्या की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस पाण्याखाली चुकीचे निर्णय घेतो. म्हणून क्रम असा ठेवा: भरती-ओहोटी मुंबईच्या काठावर, तंत्र मुंबईच्या तलावात, पहिला समुद्र मालवणला, थंडी एखाद्या साचलेल्या पाण्यात, आणि सगळ्यात शेवटी थंड आणि ओढीचा समुद्र.

काठावर बसून भरती शिका

हाजी अलीला बसलात तर एक गोष्ट वहीत आपोआप दिसेल. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सुरुवातीला हळू, मधे जोरात, शेवटी पुन्हा हळू. याचा ढोबळ हिशेब सगळीकडचे दर्यावर्दी वापरतात. एकूण चढाचे बारा हिस्से करा. पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. समजा भरती-ओहोटीतला फरक 3.6 मीटर आहे. मुंबईत उधाणाच्या दिवसांत साधारण एवढा असतोच. मग पहिल्या तासात 30 सेंटिमीटर, दुसऱ्यात 60, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी 90, मग पुन्हा 60 आणि 30. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मं पाणी चढतं. डायव्हरच्या दृष्टीने हे दोन तास साधारणपणे पाण्याबाहेर राहायचे.

आता उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते, भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. हे उधाण. ते नेमकं तिथीला शिगेला पोचत नाही, साधारण एक-दोन दिवसांनी पोचतं. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते आणि फरक कमी होतो. हा भांग. मुंबईत भांगाच्या दिवसांत फरक साधारण दीड मीटरवर येतो. तेवढ्याच सहा तासांत निम्म्याहून कमी पाण्याला ये-जा करायची, म्हणून ओढही कमी. ओढीच्या पाण्यातली पहिली डायव्ह भांगालाच करायची, हे आत्ताच लिहून ठेवा.

माझ्या घराजवळच्या एका वृद्ध नाखव्यांनी मला एक हिशेब शिकवला. किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांत तो ठाऊक असतो. "आज कुठली तिथी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चतुर्थी. "चाराला पाऊणने गुण." तीन. "तीनच्या सुमाराला पूर्ण भरती." अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि पुढची भरती बारा तास पंचवीस मिनिटांनी. म्हणून भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. हा अंदाज आहे. डायव्हसाठी छापील किंवा अधिकृत तक्ताच बघायचा, पण हिशेब डोक्यात असला की तक्ता वाचताना झालेली चूक चटकन खटकते. एकदा मी चुकून दुसऱ्या महिन्याचं पान उघडलं होतं आणि निव्वळ तिथीमुळे ते लक्षात आलं.

मात्र हा पाऊणपटीचा नियम सामानात भरून परदेशी नेऊ नका. चंद्र तोच असला तरी किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली बदलली की भरतीची वेळ बदलते. इंग्लंडमध्ये डोव्हरला पौर्णिमेच्या सुमाराची भरती आपल्यासारखीच दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास येते. त्याच दक्षिण किनाऱ्यावर पश्चिमेला प्लिमथला ती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. मुंबईच्या हिशेबाने प्लिमथला गेलात तर पूर्ण भरतीच्या जागी पूर्ण ओहोटी मिळेल. आणखी एक: ब्रिटनचे तक्ते बऱ्याचदा ग्रीनिच वेळेत छापलेले असतात. उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, तो तास आपण मिळवायचा. हा एक तास विसरणं म्हणजे नेमकं ओढ सुरू होताना पाण्यात असणं.

फरकाचा आवाकाही बदलतो. ब्रिस्टल चॅनेलमध्ये तो 14 मीटरपर्यंत जातो. नॉर्वेत बोडो शहराजवळ साल्टस्ट्राउमेन नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे, तिथला प्रवाह 20 नॉटच्या, म्हणजे ताशी 37 किलोमीटरच्या आसपास जातो असं सांगतात. तिथेही लोक डायव्हिंग करतात, पण पाणी थांबतं त्या थोड्या मिनिटांतच.

हे थांबलेलं पाणी म्हणजे स्लॅक वॉटर, आणि पुढचं सगळं नियोजन त्याच्याभोवती फिरतं. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे पूर्ण भरतीची वेळ हीच स्लॅकची वेळ धरणं. काही ठिकाणी ती जुळते, पुष्कळ ठिकाणी जुळत नाही. खाडीच्या तोंडाशी उंची उतरायला लागलेली असते आणि प्रवाह मात्र अजून आत जात असतो. उंचीचा तक्ता वेगळा, प्रवाहाचा वेगळा. सागरी नकाशांवर प्रवाहाची माहिती देणाऱ्या चौकोनी खुणा असतात, प्रवाहाचे स्वतंत्र नकाशेही मिळतात. तरी शेवटचा शब्द स्थानिक बोटवाल्याचा.

आकडा लक्षात ठेवायचा तो एक नॉटचा. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर, मिनिटाला साधारण 30 मीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सगळी सामग्री अंगावर असताना, पायात फिन्स असूनही, एवढ्या प्रवाहाविरुद्ध चांगला पोहणारा माणूसही फार वेळ टिकत नाही. तो दमतो, धापा टाकतो आणि हवा भराभर संपवतो.

वारा आणि पाणी एकमेकांच्या विरुद्ध असले की लाटा उभ्या आणि तुटक होतात. गेटवेहून मांडव्याला बोटीने जाणाऱ्यांनी हे अंगावर अनुभवलं असेल: त्याच वाऱ्यात जाताना प्रवास सुखाचा आणि परत येताना बोट आपटत असते. वाऱ्याचा जोर तोच, पाण्याची दिशा बदललेली. अशा वेळी बोटीवर परत चढणं हाच सगळ्यात अवघड भाग होतो.

डॉक्टर, मग तलाव

कोर्सला पैसे भरण्याआधी प्रकृतीचा अर्ज भरावा लागतो. त्यात खोटं लिहू नका. दमा, फिट्स, हृदयविकार, उच्च रक्तदाब, कानाचं किंवा सायनसचं दुखणं, छातीची शस्त्रक्रिया यातलं काही असेल तर डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना भेटा. "थोडासा दमा आहे, पण आता त्रास होत नाही" असं स्वतःच ठरवायची ही जागा नाही. रक्तदाबाचं तर थंड पाण्यात विशेष महत्त्व आहे, त्याकडे पुढे येते.

पोहणं यायला हवं. बहुतेक संस्था 200 मीटर सलग पोहणं आणि दहा मिनिटं आधाराशिवाय तरंगणं मागतात. वेगाची अट नाही. मुंबईत पालिकेचे तलाव आहेत, शिवाजी पार्कजवळच्या महात्मा गांधी तलावापासून उपनगरांतल्या तलावांपर्यंत. कोर्सआधी दोन महिने आठवड्यातून तीनदा पोहा. तरंगण्याचा सराव पोहण्याइतकाच करा, थंड पाण्यात तोच जीव वाचवतो.

कोर्स पाडी, एसएसआय, बीसॅक, सीमास यापैकी कुठल्याही संस्थेचा घेतला तरी पहिल्या पायरीचा गाभा सारखाच. मी संस्थेपेक्षा शिकवणारा माणूस बघते. एका वेळी किती जणांना पाण्यात नेतो? कुणी एक जण अडखळला तर बाकीच्यांचं काय करतो? सत्र पुढे ढकलायला तयार असतो का? चौकशी करताना हे प्रश्न सरळ विचारा. चांगला इन्स्ट्रक्टर असल्या प्रश्नांनी खूश होतो.

तलावात शिकायच्या गोष्टींत सगळ्यांत वरची ही: श्वास कधीही रोखायचा नाही. पृष्ठभागावर एक वातावरणाचा दाब असतो, दर दहा मीटरला तो आणखी एकाने वाढतो. दहा मीटरवर फुफ्फुसं भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर आलात तर ती जागा फुफ्फुसात मिळत नाही, फुफ्फुस फाटू शकतं. शेवटच्या काही मीटरांत हा फरक सगळ्यांत मोठा असतो, म्हणून तलावाच्या खोल भागातसुद्धा हा नियम पाळायचा.

दुसरी गोष्ट मास्कची. मास्क काढून, चेहरा उघडा ठेवून रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या साधनातून) शांतपणे श्वास घ्यायचा. आधी एक मिनिट, मग दोन, मग पाच. नाकात पाणी जातंय असं वाटून छातीत धडधडतं, ते आपोआप ओसरतं. 28 अंशांच्या तलावात हे जमलं नाही तर 8 अंशांच्या पाण्यात मास्क निसटल्यावर जमणार नाही. कोर्समध्ये हे एकदा करून घेतात. तुम्ही दर वेळी करा.

कान दुखेपर्यंत खाली जायचं नाही. दर अर्ध्या-एक मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, नाही मोकळा झाला कान तर थोडं वर यायचं. सर्दी असेल त्या दिवशी घरी.

हे सगळं झाल्यावर साहजिकच मनात येतं की समुद्र तर दारातच आहे. मुंबईच्या समुद्रात शिकायला उतरू नका. खाड्यांतून येणारा गाळ आणि भरती-ओहोटीची सततची घुसळण यामुळे पाण्याखाली स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, शिवाय बंदराची वाहतूक असते.

पहिला समुद्र मालवणचा

मालवण-तारकर्लीला मिळणाऱ्या दोन गोष्टींत फरक करा. एक म्हणजे अर्ध्या तासाची बुडी, जिच्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून 6-8 मीटरवर फिरवतो आणि व्हिडिओ काढून देतो. ती सुंदर असते, पण तिच्यात तुम्ही प्रवासी असता. दुसरा म्हणजे प्रमाणपत्राचा कोर्स, ज्याच्यात पाडीच्या पद्धतीने तलावातली पाच सत्रं आणि समुद्रातल्या चार डायव्ह असतात आणि मग 18 मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरायची परवानगी मिळते. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. काही जण तलावाचा भाग मुंबईत उरकून समुद्राच्या चार डायव्ह मालवणला, गोव्याला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला करतात. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र बंद.

सिंधुदुर्गाच्या आसपासच्या पाण्यात पोवळी आहेत, तो परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. हात लावू नका, आणि फिन्सनी तळ ढवळू नका. तळापासून एक मीटर वर स्थिर राहता येणं हे कौशल्य इथेच पक्कं करायचं.

खुणाही इथेच अंगवळणी पाडा. अंगठा वर म्हणजे "छान" नव्हे, तर "वर चला". छान म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. आणि पृष्ठभागावर आल्यावर बोटीकडे बघून आनंदाने हात हलवू नका: हलणारा हात म्हणजे "मी संकटात आहे".

थंड पाण्याकडे वळण्याआधी अशा कोमट समुद्रात किमान 20 डायव्ह कराव्यात असं मला वाटतं. नियम तसं मागत नाही. परदेशात पुष्कळ जण थेट थंड पाण्यातच शिकतात आणि उत्तम शिकतात, कारण तिथले क्लब महिनोन्महिने शिकवतात. सुट्टीत चार दिवसांत प्रमाणपत्र मिळवणाऱ्याकडे ते महिने नसतात, म्हणून हा आकडा.

थंडी

मुंबईचं पाणी ऐन हिवाळ्यातही 22-23 अंशांच्या खाली क्वचितच जातं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये ते 8-9 अंश असतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 16-18. समुद्र जमिनीपेक्षा उशिरा तापतो, म्हणून एप्रिलच्या छान उन्हात पाणी अजून हिवाळ्यातलंच असतं. हवा बघून कपडे ठरवू नका.

पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने शरीराची उष्णता नेतं. पण गारठून जाण्याआधीच, पहिल्या एक-दोन मिनिटांत, धोका असतो तो धक्क्याचा. थंड पाण्याचा स्पर्श होताच माणूस आपोआप मोठा श्वास आत ओढतो, मग भराभर धापा टाकतो, नाडी आणि रक्तदाब वर जातो. तोंडात रेग्युलेटर नसेल तर तो पहिला श्वास पाण्याचा असू शकतो. ब्रिटनची जीवरक्षक संस्था आरएनएलआय लोकांना हेच शिकवते: अचानक पाण्यात पडलात तर पोहायला लागू नका, आधी पाठीवर तरंगा, श्वास ताब्यात येऊ द्या. डायव्हरनेही तेच करायचं. उतरण्याआधी चेहऱ्यावर पाणी मारा, रेग्युलेटर तोंडात घट्ट, पाण्यात गेल्यावर दोन मिनिटं पृष्ठभागावर थांबा. श्वास शांत झाल्याशिवाय खाली जायचं नाही.

कपड्यांचं म्हणाल तर मालवणला पुरणारा 3 मिलिमीटरचा वेटसूट इथे कामाचा नाही. जाड निओप्रीनचा (फेसासारख्या रबराचा) सूट, टोपी आणि हातमोजे घेऊन उन्हाळ्यातल्या छोट्या डायव्ह जमतात. पण निओप्रीन खोलीवर दाबलं जातं आणि नेमकं जिथे जास्त थंड असतं तिथे पातळ होतं. 12-13 अंशांच्या खाली मी ड्रायसूटशिवाय उतरत नाही. त्यात आत पाणी येत नाही, आतून लोकरीसारखा उबदार पोशाख घालायचा. मान आणि मनगटाचे रबरी पट्टे घट्ट असतात, पहिल्यांदा गळा आवळल्यासारखा वाटतो.

ड्रायसूट भाड्याने घेऊन थेट समुद्रात जाऊ नका. त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्या, आधी तलावात. खाली जाताना सूट अंगाला आवळतो म्हणून छातीवरच्या बटणाने आत हवा भरावी लागते, वर येताना ती फुगते म्हणून दंडावरच्या झडपेतून काढावी लागते. हवा पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन पाय वर करून वेगाने पृष्ठभागाकडे निघतो. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारून सरळ व्हायचं, हे तलावात दहादा करा. खाली जाता यावं म्हणून पट्ट्यात बांधायचं शिसंही जास्त लागतं. मालवणला मला 4 किलो पुरायचं, ड्रायसूटमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून पट्टा एका हाताने, हातमोजे घालून, न बघता सोडता येतो का ते आधी तपासा. पृष्ठभागावर अडचण आली तर अंगावरचं हवा भरायचं जॅकेट फुगवायचं आणि शिसं सोडायचं. शिसं बाजारात पुन्हा मिळतं.

आता रेग्युलेटर. सिलिंडरमधली दाबाखालची हवा सुटताना गार होते. पाणी आधीच थंड असेल तर आत बर्फ धरून झडप उघडीच राहते आणि हवा धो-धो वाहू लागते. याला फ्रीफ्लो म्हणतात. युरोपीय मानकात 10 अंशांच्या खालचं पाणी थंड धरतात आणि त्यासाठी रेग्युलेटरची वेगळी चाचणी असते. भाड्याने घेताना तसा प्रमाणित आहे का ते विचारा.

माझ्या बाबतीत हे झालं ते फेब्रुवारीत, पाण्याने भरलेल्या एका जुन्या खाणीत, 7 अंशांना. दोष माझाच होता. काठावर गार हवेत उभी राहून मी रेग्युलेटरमधून बराच वेळ श्वास घेत बसले, आणि खाली 12 मीटरवर जॅकेटमध्ये एकदम लांबलचक हवा भरली. तोंडासमोर बुडबुड्यांची भिंत उभी राहिली, काही दिसेना, आवाजाने काही सुचेना. मी तोंडातला रेग्युलेटर थोडा सैल धरून त्या प्रवाहातून घोट घोट हवा घेतली, तलावात शिकवलं होतं तसंच. जोडीदार हाताच्या अंतरावर होती. तिने तिचा दुसरा रेग्युलेटर दिला, माझ्या सिलिंडरची झडप बंद केली, आणि आम्ही एकमेकींना धरून हळूहळू वर आलो. काठावर येऊन बघितलं तर काही मिनिटांपूर्वी भरलेल्या सिलिंडरचा काटा पार खाली गेला होता. ती तीन मीटर लांब असती तर? म्हणून थंड पाण्यात जोडीदार हात लांबवून शिवता येईल एवढ्याच अंतरावर, आणि हवा नेहमी छोट्या टप्प्यांत भरायची. ब्रिटनमध्ये पुष्कळ जण 3 लिटरचं छोटं स्वतंत्र सिलिंडर वेगळ्या रेग्युलेटरसह बाळगतात. मीही आता बाळगते.

हे समुद्रात, ओढीत झालं असतं तर काय, हा विचार मी अनेकदा केला आहे. म्हणूनच थंडीची ओळख साचलेल्या पाण्यात करून घ्यायची. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हसारख्या जुन्या दगडखाणी यासाठीच वापरतात: ओढ नाही, लाट नाही, काठ जवळ.

हातांकडे लक्ष ठेवा. बोटं सगळ्यांत आधी निकामी होतात आणि बकलं, झडपा, दोरी सगळं बोटांचंच काम. मधून मधून अंगठा करंगळीला टेकवून बघा. टेकत नसेल तर डायव्ह संपली. कापरं भरलं तरी संपली. मोजक्या अर्ध्या तासाचीच योजना करा.

थंड आणि ओढीचा समुद्र: पहिल्या दिवसाची आखणी

आठवडाभर आधी: भांगाचा दिवस निवडा. खोली 15 मीटरपेक्षा जास्त नको. आदल्या दिवशी: स्लॅकची वेळ काढा, वाऱ्याचा अंदाज बघा, दोन्ही कागदावर लिहून बोटवाल्याला दाखवा. त्या सकाळी: स्लॅकच्या किमान तासभर आधी जागेवर पोचा. ड्रायसूट, वजनं, तपासणी यांत नवख्यांचा तास सहज जातो, आणि घाईत केलेली तपासणी म्हणजे न केलेलीच.

बोटीवरून पाण्याकडे बघा. बोयाच्या दोरीपाशी फेस आणि भोवरे दिसतायत तोवर थांबा. बोया सरळ उभा झाला की पाणी थांबतंय. प्रवाहाचा शेवट होत असताना उतरणं चांगलं, म्हणजे थांबलेल्या पाण्याचा पूर्ण वेळ तुम्हाला मिळतो. ओढ उलटी सुरू होण्याआधी वर यायला निघायचं, घड्याळाप्रमाणे, मन भरलं की नाही यावर नाही.

हवेचा हिशेब करून बघा. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाब म्हणजे 2400 लिटर हवा. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर घेतो असं धरा. 20 मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे 60 लिटर. एक तृतीयांश राखीव ठेवला तर 1600 लिटर हातात, साधारण 26 मिनिटं. थंडीने आणि काळजीने तोच माणूस 30 लिटर घ्यायला लागला तर 17-18 मिनिटं. तुमचा स्वतःचा आकडा मालवणच्या 20 डायव्हमध्ये काढून ठेवा.

प्रत्येक जोडीकडे फुगवता येणारा लांब नारिंगी बोया आणि दोरीचं रीळ हवं. वर येताना 5-6 मीटरवरून तो सोडायचा, म्हणजे बोटीला तुम्ही कुठे वाहत चाललात ते दिसतं. वर यायचा वेग मिनिटाला 9-10 मीटरपेक्षा जास्त नको, आणि 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. ओढीत सापडलात तर विरोधात पोहू नका. जोडीदाराला धरा, बोया सोडा, वर या, जॅकेट फुगवा आणि वाहत राहा. बोट तुमच्याकडे येईल. बोट नसेल, म्हणजे किनाऱ्यावरून डायव्ह करत असाल, तर ओढीच्या जागी नवख्यांनी उतरूच नये.

रक्तदाबाचं मघाशी म्हटलं होतं, त्यासंबंधीच्या एका त्रासाबद्दल सांगते, कारण फार जणांना तो माहीत नसतो. थंड पाणी, श्रम आणि रक्तदाब यांच्या मिळून होणाऱ्या परिणामाने काहींच्या फुफ्फुसात पाणी साठू लागतं. श्वास पुरत नाही, खोकला येतो, छातीत घरघर होते, कधी गुलाबीसर फेस येतो. पाण्याखाली असं वाटलं तर "घाबरलोय म्हणून असेल" असं समजावत बसू नका. डायव्ह थांबवा, पाण्याबाहेर या, प्राणवायू घ्या, दवाखाना गाठा.

बोटीवर प्राणवायूचा संच आहे का आणि तो कुणाला वापरता येतो, हे निघण्याआधी विचारा. वर आल्यावर सांधेदुखी, बधिरपणा, चक्कर, विलक्षण थकवा यातलं काही जाणवलं तर लगेच सांगा, प्राणवायू सुरू करा आणि तटरक्षकांना कळवा. ब्रिटनमध्ये बोटीवरून व्हीएचएफ रेडिओचा चॅनेल 16, फोनवरून 999 लावून कोस्टगार्ड मागायचा. भारतात तटरक्षक दलाचा क्रमांक 1554.

आणि डायव्ह रद्द करण्याबद्दल. जोडीतल्या कुणालाही, कधीही, कारण न सांगता "आज नको" म्हणता आलं पाहिजे. हे बोटीवर चढण्याआधी एकमेकांना मोठ्याने सांगा. पैसे भरलेले असतात, सुट्टी काढलेली असते, बाकीचे चौघं तयार होऊन बसलेले असतात, म्हणून लोक गप्प राहतात. मी प्लिमथजवळ दोनदा सूट घालून परत काढला आहे. एकदा वारा वाढला म्हणून, एकदा कान मोकळा होईना म्हणून.

वर आल्यावर

थंडी बाहेर आल्यावर जास्त लागते, बोटीवरच्या वाऱ्याने. ओलं काढा, कोरडं घाला, डोक्यावर माकडटोपी. यासाठी तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही, मुंबईहून जाताना दोन घेऊन जा, एक जोडीदाराला. गरम गोड चहा थर्मासमध्ये. दारू अजिबात नाही, तिने उष्णता आणखी जाते. कुणी खूप गारठलं असेल, बोलणं अडखळत असेल, तर हातपाय चोळू नका, आडवं ठेवा, पांघरा आणि मदत बोलवा.

विमानाने मुंबईला परतायचं असेल तर शेवटच्या डायव्हनंतर मोकळा दिवस ठेवा. एकाच डायव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डायव्हनंतर किमान 18 तास थांबायला सांगतात, मी पूर्ण 24 ठेवते.

मग लॉगबुक, त्याच संध्याकाळी. खोली आणि वेळ सगळेच लिहितात. तुम्ही पाण्याचं तापमान, अंगावर काय होतं, किती शिसं घेतलं आणि हवा किती उरली तेही लिहा. तक्त्यातली स्लॅकची वेळ आणि प्रत्यक्षात पाणी थांबलं ती वेळ शेजारी शेजारी लिहा. माझ्या वहीत त्यापुढे तिथीही असते. प्लिमथच्या पानांवर सप्तमी, अष्टमी आणि नवमी याच तिथी जास्त दिसतात.